समुद्राकाठच्या झुडपावरचे झुडपी शैवाक: ओळख पटवायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: किनाऱ्यालगतच्या झुडपाच्या फांद्यांवर राखी-हिरवट, ताठ झुपके वाढले आहेत. झुपका साधारण दोन बोटे उंच, चपट्या पट्ट्यांचा, आणि पट्ट्यांच्या टोकांशी फिक्या रंगाच्या लहान वाट्या. हे काय आहे, इथलेच आहे की बाहेरून आलेले, आणि झुडपाला त्याचा त्रास होतो का, एवढे तुम्हाला कळायला हवे आहे.

हे शैवाक आहे. दगडफूल ज्या गटात मोडते, त्याच गटातले. तुमच्या वर्णनावरून प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) बहुधा रामालिना. जातीचे नाव मात्र मी फोटोवरून लिहून देणार नाही. तुम्हीही कुणाकडून तसे घेऊ नका. या प्रजातीतल्या बऱ्याच जाती दिसायला जवळजवळ सारख्या असतात. त्यांच्यातला फरक पट्टीच्या पृष्ठभागावरच्या बारीक रेषांत, वाट्यांच्या जागेत आणि आतल्या रसायनांत असतो. सुदैवाने दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक ब्लेड आणि थोडा धीर एवढ्यावर यातले पुष्कळसे घरबसल्या तपासता येते.

त्रासाबद्दलची शंका आधी मिटवतो, कारण त्या भीतीपोटी लोक ब्रश घेऊन फांद्या खरवडायला निघतात. शैवाकाला मुळे नसतात. झुपका बुडाशी एका लहानशा चिकट चकतीने सालीला धरून असतो. ही चकती सालीच्या बाहेरच्या, मेलेल्या थरात रुतलेली असते आणि झुडपाच्या रसवाहिन्यांपर्यंत तिची मजल जात नाही. शैवाक म्हणजे कवक (बुरशी) आणि शैवल (शेवाळ) यांचा एकत्र संसार. हे दुहेरी स्वरूप श्वेंडेनर या शास्त्रज्ञाने 1867 च्या सुमारास मांडले. अन्न आतले शैवल उजेडात तयार करते, पाणी हवेतून, दवातून आणि पावसातून मिळते. वाळक्या फांद्यांवर झुपके जास्त दिसतात ते खरे आहे, पण त्याचे कारण उलट्या बाजूने शोधायला हवे: पाने झडलेल्या फांदीवर उजेड पोचतो, साल स्थिर राहते, म्हणून शैवाकाला तिथे जम बसवता येतो. झुडूप वाळत असेल तर खारा वारा, मुळांशी साचणारे पाणी किंवा कीड यांकडे बघा. तांबेयुक्त औषधे फवारून शैवाक मारायचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. झाडाला त्याचा काही उपयोग नाही, आणि जे तुम्ही माराल ते त्या जागी पुन्हा वाढायला कित्येक वर्षे घेईल. बहुतेक शैवाके वर्षाला काही मिलिमीटर एवढीच वाढतात.

आता ओळखीकडे. किनाऱ्यावरच्या झुडपांवर झुपक्यांनी वाढणारी पाच-सहा प्रकारची शैवाके भेटतात आणि फोटोत ती एकमेकांसारखी दिसतात. सगळ्यात फसवा असतो तो रंग. तेच शैवाक कोरडे असताना राखी, भिजल्यावर हिरवे, सावलीत फिके आणि उन्हात पिवळसर दिसते. म्हणून रंगाची नोंद करा, पण निर्णय त्यावर देऊ नका. मी नवीन माणसाला नेहमी फांदीचा आकार आधी बघायला सांगतो: ती गोल दोऱ्यासारखी आहे की चपटी? आणि चपटी असेल तर तिच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का?

गोल असेल तर पहिला संशय उस्निया या शैवाकाचा. त्याची परीक्षा सोपी आणि पक्की आहे. थोडे पाणी शिंपडून एक जाडसर फांदी दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि हळूच ताणा. बाहेरची साल तुटून बाजूला सरकते आणि आत पांढरा, रबरासारखा ताणला जाणारा दोरा उघडा पडतो. हा दोरा दिसला की उस्निया. दुसऱ्या कुठल्याही किनारी झुडपी शैवाकात असा लवचीक मधला दोरा मिळत नाही. रामालिनात तो नसतो. तिथे ताठपणा येतो तो सालीच्या खालच्या, एकमेकांत घट्ट विणलेल्या कवकतंतूंच्या पट्ट्यांमुळे, आणि आतला भाग पांढरा, सैल, कापसासारखा किंवा काही जातींत पोकळ असतो. कोरडी रामालिना दुमडली तर मोडते, आणि मोडलेल्या टोकाकडे भिंगातून पाहिले की बाहेर पातळ फिकट साल, तिच्या खाली हिरवी रेघ आणि मध्ये पांढरे भरण, असे तीन थर साफ दिसतात.

फांदी चपटी आणि दोन्ही बाजूंनी सारखीच असेल तर रामालिनाचे पारडे जड होते. एव्हर्निया प्रुनास्ट्री हे समशीतोष्ण प्रदेशात फार मोठ्या प्रमाणात आढळणारे शैवाक रामालिना समजून कितीदा तरी नोंदवले जाते. पण त्याची पट्टी हाताला मऊ लागते, वरची बाजू पिवळसर-हिरवी आणि खालची स्पष्ट पांढरी असते. रामालिनाची पट्टी उलटली तरी तीच दिसते. हेटेरोडर्मिया ल्युकोमेलॉस हे दुसरे फसवे शैवाक: अरुंद, पांढरट पट्ट्या, लांबून अगदी रामालिनाच. जवळ गेल्यावर मात्र कडांना लांब काळे केस दिसतात आणि खालची बाजू साल नसलेली, पांढरी, भुसभुशीत असते. काळे केस दिसले की रामालिना बाद करा.

टेलोस्किस्टिसबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण किनारी झुडपांवरचे ते सर्वात देखणे शैवाक आहे. उघड्या उन्हात ते गर्द केशरी असते. हा रंग पॅरायटिन नावाच्या रंगद्रव्याचा. ते शैवाकाच्या स्वतःच्या सालीत साठते आणि आतल्या शैवलाला तीव्र प्रकाशापासून वाचवते. झुडपाच्या आतल्या सावलीत हेच शैवाक राखी किंवा हिरवट राहते आणि मग फोटोत कुणीही फसतो. अशा वेळी झुडपाच्या बाहेरच्या फांद्यांवर त्याच आकाराचे केशरी झुपके आहेत का ते शोधा. टेलोस्किस्टिस क्रायसोफ्थाल्मसच्या वाट्या भडक केशरी असतात आणि त्यांच्या कडेला पापण्यांसारखे केस असतात. टेलोस्किस्टिस फ्लाव्हिकन्समध्ये वाट्या क्वचितच आणि फांद्यांवर पिठूळ ठिपके. ब्रिटनमध्ये ही जाती कायद्याने संरक्षित आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य टोकापासून नामिब वाळवंटाच्या किनाऱ्यापर्यंत टेलोस्किस्टिस कापेन्सिसने धुक्यावर जगणारी केशरी मैदानेच्या मैदाने व्यापली आहेत, पण ती जाती जमिनीवर वाढते, झुडपावर नाही. तुमच्या झुपक्याच्या वाट्या फिक्या आहेत, तेव्हा टेलोस्किस्टिसची शक्यता फार कमी. तरीही पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकून बघाच. पॅरायटिन असेल तर क्षणात जांभळट-लाल रंग येतो.

भूमध्य समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर ज्युनिपरच्या झुडपांवर सेरोफोरा विलोसा मिळते. तिच्याही वाट्या केशरी असतात, पण पट्ट्या राखी आणि बारीक लव असलेल्या. ही टेलोस्किस्टिसची जवळची नातेवाईक आहे आणि जुनी, न तोडलेली किनारी झुडपे जिथे टिकली आहेत तिथे ती सापडते, म्हणून तिची नोंद मोलाची धरतात.

उरली रोसेला. रामालिनाशी सर्वाधिक घोळ हिचाच होतो. तीही चपटी, तीही किनाऱ्याची, तीही झुपक्याने लोंबणारी. भारताच्या किनाऱ्यांवर झाडांच्या खोडांवर वाढणारी रोसेला माँटाग्नी याचे ठळक उदाहरण आहे. हिला वेगळे काढायचे दोन मार्ग. पहिला नखाचा: पट्टीची साल नखाने हलकेच खरवडा. रामालिनात आतले शैवल ट्रेबोक्सिया गटातले, म्हणून ओरखडा हिरवा दिसतो. रोसेलात ट्रेन्टेपोलिया असते. ते शैवल हिरव्या गटातले असूनही त्याच्या पेशींत केशरी रंगद्रव्य भरलेले असते, त्यामुळे ओरखडा पिवळट-केशरी किंवा तपकिरी झाक मारतो. हा फरक ताज्या नमुन्यात चांगला कळतो, वर्षभर पाकिटात पडलेल्या नमुन्यात नाही. दुसरा मार्ग ब्लीचचा, त्याकडे पुढे येतो. रोसेलाला इतिहासही मोठा आहे. कॅनरी बेटे आणि केप व्हर्दे इथल्या कड्यांवरून ती शेकडो वर्षे खरवडून नेली गेली, कारण तिच्यापासून जांभळा रंग बनत असे. प्रयोगशाळेतला लिटमसही मुळात अशाच शैवाकांपासून आला.

आता धरून चालू की तुमचा झुपका रामालिना आहे. पुढचा प्रश्न: वाट्या की पीठ? शैवाकाचे नाव नियमाने त्यातल्या कवकाचे असते, आणि वाट्या हे त्या कवकाचे फळ. त्यातून उडणारी बीजुके एकट्या कवकाची असतात. नव्या जागी पडल्यावर त्यांना योग्य शैवल गाठावे लागते. पीठ म्हणजे सोरेडिया: शैवलाच्या काही पेशी आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेले कवकतंतू, दोन्ही जोडीदार एकत्र. ज्या जातीला वाट्या भरपूर, तिला सहसा पीठ नसते, आणि उलटही तसेच. म्हणून भिंग लावून पट्टीच्या कडा आणि टोके इंच-इंच पाहा. कडेला लांबट-गोल, पांढरे, पिठूळ खळगे दिसले तर रामालिना फारिनासिया किंवा तिच्यासारखी जाती. पट्टीची टोके फाटून फुगल्यासारखी आणि आत पिठाळ असतील तर रामालिना कॅनारिएन्सिस मनात धरा.

तुम्ही वाट्या सांगितल्यात आणि पिठाचा उल्लेख केला नाहीत. मग वाट्या नक्की कुठे आहेत? सगळ्या टोकांशी, एकमेकींना खेटून, झुपक्याचा माथा कापून सारखा केल्यासारखा दिसत असेल आणि तुम्ही युरोपात असाल, तर रामालिना फास्टिगिआटा. पट्ट्या रुंद, लोंबत्या, सुरकुतलेल्या आणि वाट्या कडांवर व पृष्ठभागावर विखुरलेल्या असतील तर रामालिना फ्राक्सिनिया; पण ती किनारी झुडपांपेक्षा मोठ्या झाडांच्या खोडांवर जास्त रमते. उष्ण प्रदेशात किंवा दक्षिण गोलार्धात असाल तर रामालिना सेलास्ट्री सर्वात आधी तपासा. तिच्या पट्ट्या सपाट, अरुंद, वाट्या भरपूर, पीठ नाही. भिंगाखाली पट्टीवर लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक पांढऱ्या रेषा दिसतात. या रेषा म्हणजे साल फाटून आतला पांढरा भाग उघडा पडलेल्या जागा, हवेच्या खिडक्याच. त्यांना सूडोसायफेला म्हणतात. त्या रेषा आहेत की ठिपके, सपाट आहेत की उंचावलेल्या, हे रामालिनाच्या जाती वेगळ्या करताना फार उपयोगी पडते. फोटो काढणारे नेमके हेच टिपत नाहीत. सगळ्यांना अख्खा झुपका चौकटीत हवा असतो.

आकारातच उत्तर मिळते असे उदाहरणही आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची रामालिना मेन्झीझी जाळीदार असते. तिच्या पट्ट्यांना भोके पडत जाऊन टोकांना खरोखरीची जाळी विणली जाते आणि ती झाडांवरून हातभर लोंबते. कॅलिफोर्नियाने तिला राज्याचे शैवाक ठरवले. हा कायदा 2016 पासून लागू आहे. तिच्याच शेजारी, त्याच किनाऱ्यावर निएब्ला या प्रजातीची शैवाके आहेत. दिसायला रामालिनाच वाटतात, पण ती बहुतेक खडकावर वाढतात आणि त्यांची साल जाड असते. झुडपावर की खडकावर, ही नोंद म्हणूनच कधीही वगळू नका.

हे सारे किनाऱ्यालाच का, असे तुमच्या मनात येणे साहजिक आहे. हिरवे शैवल असलेली शैवाके नुसत्या दमट हवेतली वाफ शोषून, पाण्याचा एक थेंबही न पडता, प्रकाशसंश्लेषण सुरू करू शकतात. निळ्या-हिरव्या जीवाणूंची सोबत असलेल्या शैवाकांना मात्र प्रत्यक्ष ओले व्हावे लागते. हा फरक 1986 मध्ये प्रयोगांनी दाखवला गेला. पहाटेचे धुके, दमट वारा, मग उन्हाने वाळणे, हे रोजचे चक्र झुडपी शैवाकाला मानवते. बारीक फांद्यांच्या झुपक्याला वजनाच्या मानाने पृष्ठभाग फार मोठा मिळतो. तो लवकर भिजतो आणि लवकर वाळतो. तुमच्या झुडपाच्या वाऱ्याकडच्या बाजूला झुपके जास्त आहेत का, ते पाहून ठेवा. शेजारी कोण आहे तेही लिहा. पक्षी बसतात त्या फांद्यांवर विष्ठेतल्या नत्रामुळे पिवळ्या-केशरी, पानासारख्या झँथोरिया या शैवाकाची गर्दी होते आणि रामालिना तिथून कमी होत जाते. हवेतले सल्फर डायऑक्साइड तर झुडपी शैवाकांना फारच लवकर बाधते.

आता रसायने. शैवाकावर रसायनाचा थेंब टाकून रंग पाहायची पद्धत विल्यम नायलँडरने 1866 मध्ये सुरू केली. आजही ती तशीच चालते. तीन चाचण्या नेहमीच्या. के म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे साधारण दहा टक्के द्रावण. सी म्हणजे ताजे ब्लीच, सोडियम हायपोक्लोराइट. उघडून महिने झालेल्या बाटलीतले वापरू नका, ते निकामी झालेले असते. पी म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमिन. याचा वापर असाहिना या जपानी शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात रूढ केला. पी घरी आणू नका. ते विषारी आहे, कातडीला ॲलर्जी देते आणि लागेल तिथे न निघणारा डाग पाडते. के आणि सी सुद्धा हातमोजे घालून, उघड्या हवेत हाताळा, आणि ब्लीच कुठल्याही आम्लात मिसळू देऊ नका.

चाचणी अशी करा. नखाच्या तुकड्याएवढी पट्टी पांढऱ्या कागदावर ठेवा. ब्लेडने एका जागी साल तासून आतला पांढरा भाग उघडा करा आणि दुसऱ्या जागी साल तशीच राहू द्या. काचेच्या बारीक नळीने अगदी लहान थेंब आधी सालीवर, मग आतल्या भागावर. डोळा भिंगालाच लावून ठेवा. सीचा लाल रंग काही सेकंदांत उमटतो आणि विरूनही जातो, इकडेतिकडे पाहिलेत तर चुकेल. रोसेलात, जातीनुसार सालीवर किंवा पिठावर, हा लाल रंग येतो. रामालिनात सालीतल्या अस्निक आम्लामुळे के नंतर सी टाकल्यावर पिवळा रंग येतो, आणि नुसत्या सीने आतल्या भागात सहसा काही घडत नाही. आतल्या भागात के टाकल्यावर पिवळा येऊन हळूहळू लाल झाला तर नॉरस्टिक्टिक किंवा सालाझिनिक आम्लाचा संशय घ्या. रामालिना फारिनासियामध्ये हे वेगवेगळ्या झुपक्यांत वेगवेगळे निघते, कारण एकाच जातीत रसायनांचे अनेक प्रकार आहेत. रामालिना सेलास्ट्रीच्या आतल्या भागात तिन्ही चाचण्यांत बहुधा काहीच होत नाही. म्हणून "काही झाले नाही" हाही निकाल आहे, तो लिहून ठेवा.

यापुढे सूक्ष्मदर्शक लागतो. वाटीचा पातळ काप घेऊन बीजुके पाहिली की प्रजातीबद्दलची उरलीसुरली शंका जाते. रामालिनाची बीजुके रंगहीन, मध्ये एक पडदा असलेली, दोन कप्प्यांची. उस्नियाची एकाच कप्प्याची. रोसेलाची सहसा तीन पडद्यांची. टेलोस्किस्टिसच्या बीजुकात मधला पडदा इतका जाड असतो की दोन कप्पे दोन टोकांना ढकलले जातात. याही पलीकडे पातळ थराची क्रोमॅटोग्राफी (आतली रसायने वेगळी करून ओळखायची पद्धत) आणि डीएनए आहे. कवकांसाठी डीएनएच्या आयटीएस या भागाचा क्रम ओळखखूण म्हणून 2012 मध्ये सुचवला गेला आणि आता तो सर्रास वापरतात. तुमच्या प्रश्नासाठी इतके खोल जावे लागेल असे मला वाटत नाही.

स्थानिक की आगंतुक, याचे उत्तर जातीचे नाव कळल्यावरच नेमके देता येईल. तरी झुकते माप स्थानिकलाच. शैवाक कुणी रोपवाटिकेत वाढवून विकत नाही. आणलेल्या रोपांच्या सालीवरून ते क्वचित प्रवास करते, पण परक्या झाडाझुडपांच्या तुलनेत परक्या शैवाकांची नोंदलेली उदाहरणे फार थोडी आहेत. रामालिना सेलास्ट्रीसारख्या जाती तर अनेक खंडांवर नैसर्गिकच आहेत. झुडूप बाहेरून आणून लावलेले असेल तरी त्यावरचे शैवाक इथलेच असू शकते, कारण बीजुके वाऱ्याने येतात आणि त्यांना योग्य पोताची साल पुरते. शंका राहिलीच तर जवळपासच्या नैसर्गिक, न लावलेल्या झुडपांवर तेच शैवाक आहे का ते पाहा, आणि वनस्पतिसंग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांत त्या किनाऱ्याची नोंद शोधा.

नमुना घ्यायचा तर आधी तिथे परवानगी लागते का ते विचारा. अख्खा झुपका ओरबाडू नका. वाऱ्याने खाली पडलेल्या फांद्यांवर बहुतेकदा हवे ते सगळे मिळते. झाडावरूनच घ्यावा लागला तर आधी पाणी शिंपडा, कारण कोरडे शैवाक हातात चुरते, आणि बूड शाबूत राहील असे सालीच्या पापुद्र्यासकट थोडेसेच काढा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेत तर बुरशी धरेल. कागदाची घडी करून त्यात ठेवा आणि सावलीत वाळू द्या. पाकिटावर तारीख, जागा, झुडपाचे नाव, जमिनीपासूनची उंची, समुद्रापासूनचे अंतर आणि उजेड किती, हे तिथेच लिहा.

मला पुन्हा दाखवाल तेव्हा पुढचे फोटो पाठवा: पट्टीच्या दोन्ही बाजू, बूड जिथे सालीला चिकटते ती जागा, एक वाटी वरून आणि एक बाजूने, मोडलेल्या टोकाचा काप, आणि पृष्ठभाग इतक्या जवळून की पांढऱ्या रेषा आहेत की नाहीत ते दिसेल. जवळ मिलिमीटरची पट्टी ठेवा. सोबत नखाच्या ओरखड्याचा रंग आणि के-सीचे निकाल आले, आणि तुमचा किनारा कुठला ते कळले, तर बहुधा जातीपर्यंत पोचता येईल. निदान दोन नावांवर तरी नक्की येऊ.